काळ्या पट्ट्या की कापलेली डोकी?

लग्नसराई, पंच्याहत्तऱ्या आणि माजी विद्यार्थ्यांचे मेळावे यांमुळे या वेळच्या पत्रांत एकाच विषयाची गर्दी आहे. फोटोंचा स्लाइड शो व्हिडिओ केला, पण दाखवायच्या वेळी चौकटीचा घोळ झाला. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : वडिलांच्या पंच्याहत्तरीसाठी १४० फोटोंचा व्हिडिओ केला आहे. काही फोटोंत माणसं रुंद दिसतात, काहींच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, तर काहींत डोकीच कापली गेली आहेत. एक्स्पोर्ट करताना १६:९, ४:३, १:१ असे सगळे पर्याय देऊन पाहिले. दर वेळी काहीतरी वेगळंच बिघडतं. नेमका कोणता पर्याय द्यायचा? (नाशिक)

एक्स्पोर्टचा, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढतानाचा, कुठलाच पर्याय हे निस्तरणार नाही, कारण बिघाड तिथे झालेलाच नाही. व्हिडिओची चौकट, म्हणजे रुंदीचं उंचीशी गुणोत्तर (१६:९ वगैरे), ठरते प्रोजेक्ट किंवा टाइमलाइन (फोटो ओळीने मांडायची पट्टी) उघडताना. तिथे जो आकार दिला तोच एक्स्पोर्टला द्यायचा असतो. टाइमलाइन १६:९ आणि एक्स्पोर्ट ४:३ असं केलंत, की सॉफ्टवेअर पूर्ण चित्राला पट्ट्या लावतं, कापतं किंवा ताणतं, म्हणजे आधीच्या गोंधळात आणखी एकाची भर. एक्स्पोर्टच्या खिडकीत ‘मॅच सोर्स’ किंवा ‘सेम ॲज प्रोजेक्ट’ अशा अर्थाचा पर्याय दिसला तर तो घ्या आणि तिथून बाहेर पडा.

आता मूळ दुखणं. टीव्ही १६:९ चा, म्हणजे फुल एचडीत १९२० बाय १०८० पिक्सेल. फोनचा कॅमेरा बहुधा ४:३ चे फोटो काढतो, डीएसएलआर ३:२ चे. दोन्ही आकार टीव्हीपेक्षा ‘चौकोनी’ आहेत. असा फोटो १६:९ च्या चौकटीत ठेवायचे तीनच मार्ग आहेत.

पहिला मार्ग ‘फिट’, म्हणजे फोटो अख्खा दाखवायचा. १०८० उंचीत ४:३ चा फोटो १४४० रुंद होतो आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या पट्ट्या उरतात. ३:२ चा फोटो १६२० रुंद होतो, पट्ट्या १५० च्या.

दुसरा ‘फिल’, म्हणजे चौकट पूर्ण भरायची. मग ४:३ च्या फोटोची पाव उंची कापली जाते, ३:२ च्या फोटोची साधारण १६ टक्के. उभ्या ३:४ फोटोचा तर ५८ टक्के भाग चौकटीबाहेर जातो. तुमच्याकडे डोकी कापली गेली ती इथे. सॉफ्टवेअर वरून-खालून सारखंच कापतं आणि घरगुती ग्रुप फोटोत डोकी वरच्या कडेला टेकलेली असतात.

तिसरा ‘स्ट्रेच’. यात काही कापत नाही, पट्टीही येत नाही, पण ४:३ चा फोटो ३३ टक्के आडवा ताणला जातो. हा पर्याय कधीही वापरू नका. काळी पट्टी दिसली म्हणून कार्यक्रमात कुणी काही म्हणत नाही, पण सत्कारमूर्तींचा चेहरा भोपळ्यासारखा दिसला की पहिल्या रांगेत कुजबुज सुरू होते.

तुमच्या व्हिडिओत तिन्ही प्रकार एकत्र दिसतात, म्हणजे फोटो वेगवेगळ्या मार्गांनी आत गेले आहेत. रुंद दिसणारे फोटो आधी मूळ फोल्डरमध्ये उघडून पाहा. तिथेही रुंद असतील, तर कुणीतरी ते एकगठ्ठा १९२० बाय १०८० ला ‘रिसाइझ’ केले आहेत आणि गुणोत्तर कायम ठेवायची खूण काढलेली होती. इरफानव्ह्यूसारख्या प्रोग्रॅममध्ये ही खूण चुकून निघते. अशा फोटोंची मूळ प्रतच शोधावी लागेल. फोल्डरमध्ये ठीक आणि व्हिडिओत रुंद असतील, तर टाइमलाइनवर स्ट्रेच लागला आहे.

तो कुठे बदलायचा, ते सॉफ्टवेअरनुसार सांगतो. दाविंची रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्ज, इमेज स्केलिंग, आणि त्यात ‘मिसमॅच्ड रेझोल्यूशन फाइल्स’. तिथे चार पर्याय असतात. ‘स्केल एन्टायर इमेज टू फिट’ निवडा. एखाद्याच फोटोला वेगळी वागणूक हवी असेल, तर तो निवडून इन्स्पेक्टरमधल्या ‘रीटाइम अँड स्केलिंग’मध्ये बदला. प्रीमिअरमध्ये उलटी गंमत असते. तो काहीच न विचारता फोटो शंभर टक्के मापाने टाकतो, त्यामुळे ४००० बाय ३००० च्या फोटोचा फक्त मधला तुकडा दिसतो. प्रेफरन्सेस, मीडिया, ‘डिफॉल्ट मीडिया स्केलिंग’ इथे ‘सेट टू फ्रेम साइज’ ठेवा, आणि हे फोटो आत घेण्याआधी करा. आधीच घेतलेल्या फोटोंना ते लागू होत नाही. तिथेच ‘स्केल टू फ्रेम साइज’ असा जुळा पर्याय असतो, तो टाळा. त्यात फोटोचे जादा पिक्सेल टाकून दिले जातात आणि नंतर झूम केलं की चित्र मऊ, म्हणजे धूसर, पडतं. फोनवरच्या काइनमास्टरमध्ये नवा प्रोजेक्ट उघडतानाच गुणोत्तर आणि ‘फोटो डिस्प्ले मोड’ विचारतात. गुणोत्तर १६:९, मोड ‘फिट’. इनशॉटमध्ये ‘कॅनव्हास’ आणि क्लिपचॅम्पमध्ये पडद्याशेजारचं १६:९ लिहिलेलं बटण.

सगळे फोटो ‘फिट’ने टाका आणि मग एकेक बघत, ज्यात वर-खाली नुसतं आकाश किंवा फरशी आहे अशांनाच ‘फिल’ करा. केल्यावर फोटो वर किंवा खाली सरकवून डोक्यांवर थोडी जागा सोडा. १४० फोटोंना हे करायला तासभर लागेल, पण स्लाइड शोचं खरं काम तेवढंच असतं.

व्हिडिओ तयार झाला की पडताळणी. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीज, डिटेल्समध्ये ‘फ्रेम विड्थ’ १९२० आणि ‘फ्रेम हाइट’ १०८० दिसली पाहिजे. ती बरोबर असूनही हॉलमधल्या टीव्हीवर सगळेच फोटो सारखे रुंद दिसले, तर दोष टीव्हीच्या ‘पिक्चर साइझ’मध्ये आहे. व्हिडिओच्या सुरुवातीला नेमक्या वरून काढलेला नाण्याचा फोटो दोन सेकंद ठेवा, आणि टीव्हीवर टेपने त्याची रुंदी आणि उंची मोजा. दोन्ही सारखी आली तर चौकट ठीक. कार्यक्रमाआधी तो तुकडा कापून टाका.

जाता जाता : पाच सेकंदांना एक फोटो धरला तरी १४० फोटोंना ११ मिनिटं ४० सेकंद लागतात. जेवणाआधी दाखवणार असाल तर ९० फोटो पुष्कळ झाले.

प्रश्न : आमच्या व्हिडिओला टीव्हीवर चारही बाजूंनी काळी चौकट येते. चित्र मध्येच, लहानसं. का? (कोल्हापूर)

पट्ट्या दोनदा लागल्या आहेत. १६:९ चा स्लाइड शो तुम्ही ४:३ च्या मापात, बहुधा ६४० बाय ४८० किंवा १०२४ बाय ७६८ ला एक्स्पोर्ट केलात, तेव्हा वर-खाली पट्ट्या आल्या. ती ४:३ ची फाइल टीव्हीने १६:९ च्या पडद्यावर दाखवताना डावी-उजवीकडे आणखी पट्ट्या लावल्या. फुल एचडी टीव्हीवर चित्राला आता १४४० बाय ८१० एवढीच जागा मिळते, म्हणजे पडद्याचा ५६ टक्के भाग. मूळ प्रोजेक्ट असेल तर १९२० बाय १०८० ला पुन्हा एक्स्पोर्ट करा. प्रोजेक्ट पुसला गेला असेल, तर टीव्हीच्या रिमोटवरचा ‘झूम’ किंवा लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर चालवत असाल तर त्यातलं क्रॉप १६:९ वापरून वेळ निभावता येते. चित्र थोडं मऊ दिसेल, इतकंच.

व्हीएलसीचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. त्यात ‘ए’ ची कळ दाबली की गुणोत्तर बदलतं आणि ‘सी’ दाबली की कापाकापी. कळफलकावर हात पडून हे नकळत होतं आणि लोक निष्कारण व्हिडिओला दोष देतात.

प्रश्न : माझ्याकडचे निम्मे फोटो फोन उभा धरून काढलेले आहेत. टीव्हीवर ते अगदी चिंचोळे दिसतात. बाजूची जागा कशी भरावी? (सांगली)

उभा ३:४ फोटो फुल एचडी चौकटीत ८१० पिक्सेल रुंद बसतो आणि दोन्ही बाजूंना ५५५ पिक्सेल मोकळे राहतात. अर्ध्याहून अधिक पडदा रिकामा, तेव्हा तुमची तक्रार रास्त आहे. पण म्हणून ‘फिल’ करू नका. वर दिलेलं ५८ टक्क्यांचं गणित पाहा.

सगळ्यात देखणा उपाय म्हणजे दोन उभे फोटो शेजारीशेजारी. हिशोब फार सोयीचा येतो. दोन फोटोंचे मिळून १६२० पिक्सेल होतात आणि ३०० उरतात. ते डावीकडे १००, मध्ये १०० आणि उजवीकडे १०० असे वाटले की झालं. पहिल्या फोटोचा मध्य डावीकडून ५०५ वर येतो, दुसऱ्याचा १४१५ वर. रिझॉल्व्ह जागा मध्यापासून मोजतो, म्हणून तिथे पोझिशन ‘एक्स’मध्ये उणे ४५५ आणि अधिक ४५५ लिहा. प्रीमिअर डाव्या कडेपासून मोजतो, तिथे ५०५ आणि १४१५. वर-खालीही थोडी हवा हवी असेल तर दोन्ही फोटो ९० टक्क्यांवर आणा.

जोडी लावताना मात्र डोकं वापरा. एकाच प्रसंगाचे किंवा एकाच माणसाचे दोन काळातले फोटो शेजारी चांगले दिसतात. डावीकडचा माणूस पडद्याबाहेर बघतोय आणि उजवीकडचाही बाहेर बघतोय, अशी जोडी भांडण झाल्यासारखी दिसते. बाजू बदलून दोघांच्या नजरा आत वळवा. आरसा प्रतिमा करून नजर वळवू नका. पदर, घड्याळाचा हात आणि मागची पाटी सगळंच उलटं होतं आणि घरच्यांना ते लगेच खटकतं.

एकटाच उभा फोटो असेल तर मागे त्याचीच पुसट प्रत ठेवा. टाइमलाइनच्या खालच्या ट्रॅकवर (थरावर) तोच फोटो ‘फिल’ करून त्यावर गॉशियन ब्लर (चित्र धूसर करणारा इफेक्ट), आणि उजेड निम्म्यावर. वरच्या ट्रॅकवर तोच फोटो ‘फिट’. लोक ब्लर करतात पण मागची प्रत अंधारवायला विसरतात. मग मागच्या साडीचा लाल रंग पुढच्या चेहऱ्यापेक्षा जास्त चमकतो. सगळ्याच फोटोंना हा प्रकार केलात तर पाचव्या फोटोनंतर कंटाळा येईल. अधूनमधून साधी करडी पार्श्वभूमी ठेवावी.

काही उभे फोटो आडवे पडून येत असतील, तर तो गुणोत्तराचा दोष नाही. फोन फोटो फिरवून साठवत नाही. ‘हा फिरवून दाखवा’ एवढी सूचना फाइलमध्ये लिहितो, आणि जुनी सॉफ्टवेअरं ती वाचत नाहीत. ते फोटो एखाद्या फोटो पाहायच्या प्रोग्रॅममध्ये फिरवून सेव्ह करा आणि मग आत घ्या.

प्रश्न : आजोबांच्या अल्बममध्ये सगळ्या मापांचे प्रिंट आहेत, काही तर पूर्ण चौरस. स्कॅन कोणत्या मापात करावे आणि १६:९ मध्ये कसे बसवावे? (रत्नागिरी)

चौरस फोटो अनेक घरांत सापडतात, कारण आगफाच्या क्लिक-थ्री या डब्यासारख्या कॅमेऱ्यातून १२० च्या फिल्मवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे बारा फोटो निघायचे. रंगीत जमान्यातले प्रिंट साडेतीन बाय पाच किंवा चार बाय सहा इंचांचे. त्यांची गुणोत्तरं अनुक्रमे साधारण १.४३ आणि १.५.

चार बाय सहाचा प्रिंट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १८०० बाय १२०० पिक्सेल होतो. नुसता ‘फिट’ करून दाखवायला १०८० उंची पुरते, म्हणून ३०० चालेल. पण त्यातल्या एकाच चेहऱ्याकडे झूम करायचं असेल तर ६०० डीपीआय घ्या. सहा सेंटिमीटरचे चौरस प्रिंट मात्र ६०० नेच स्कॅन करा. ३०० ला त्यांचे जेमतेम ७०० पिक्सेल येतात, म्हणजे पडद्याच्या उंचीलाही पुरत नाहीत.

स्कॅनर नसेल आणि फोनने फोटो काढणार असाल, तर अल्बमवर वाकून तिरका काढू नका. प्रिंट समलंब दिसतो आणि ॲप तो सरळ करताना गुणोत्तर बदलू शकतं. सरळ केल्यावर रुंदीला उंचीने भागा. चार बाय सहाच्या प्रिंटचं उत्तर १.५ च्या जवळ यायला हवं. १.४ किंवा १.६ आलं तर चेहरे दबले किंवा ताणले गेले आहेत.

चौरस फोटो ‘फिल’ केला तर जवळजवळ ४४ टक्के भाग कापला जातो, म्हणून तो अख्खाच ठेवा. १०८० बाय १०८० मध्ये, दोन्ही बाजूंना ४२० मोकळे. कृष्णधवल फोटोंभोवती ठार काळ्यापेक्षा गडद करडा किंवा फिकट पिवळसर रंग बरा दिसतो. प्रिंटची पांढरी किनार, विशेषतः नागमोडी कापलेली, छाटू नका. तीच तर फोटोची चौकट आहे, आणि ती दिसली की बाजूची मोकळी जागा मुद्दाम ठेवल्यासारखी वाटते.

शाळेच्या किंवा लग्नाच्या लांबच लांब ग्रुप फोटोला झूमची हालचाल उपयोगी पडते, मात्र ती कशी ठरवता यावर सगळं आहे. सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन्ही चौकटी १६:९ च्याच हव्यात. सॉफ्टवेअर आपोआप झूम लावतं तेव्हा ते फोटोच्या मध्याकडे जातं, आणि तीन रांगांच्या फोटोत मध्यावर असतात मधल्या रांगेच्या छात्या. सुरुवात अख्ख्या फोटोने करा आणि शेवट चेहऱ्यांच्या रांगेवर. पाच-सहा सेकंदांत १०० वरून ११५ टक्क्यांपर्यंतच जा. त्याहून वेगाने गेलं की चित्र थरथरतं. १९२० च्या चौकटीत १२० टक्के झूम हवा तर फोटोची रुंदी किमान २३०४ पिक्सेल असावी.

प्रश्न : पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो करून व्हिडिओ काढला. ‘फुल एचडी’ निवडूनही बाजूला पट्ट्या येतात. (लातूर)

तुमच्या स्लाइडच ४:३ च्या आहेत. पॉवरपॉइंट ‘फुल एचडी’ म्हणजे उंची १०८० एवढंच धरतो; रुंदी तो स्लाइडच्या मापावरून काढतो. म्हणून १४४० बाय १०८० ची फाइल निघाली. २०१३ च्या आवृत्तीपासून नवी फाइल १६:९ मध्ये उघडते, पण जुनी फाइल उघडून तिच्यात फोटो बदलले की जुनं माप तसंच राहतं.

डिझाइन, स्लाइड साइझ, ‘वाइडस्क्रीन’. माप ३३.८६७ बाय १९.०५ सेंटिमीटर झालेलं दिसेल. २०१० किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर इथे जपून. ती माप बदलताना सगळे फोटोही आडवे ताणते. तसं झालं तर फोटो निवडून पिक्चर फॉरमॅटमधलं ‘रीसेट पिक्चर अँड साइझ’ दाबा. फोटो मूळ प्रमाणात येतो. यापुढे फोटो लहान-मोठा करताना कोपऱ्याचा ठिपका ओढायचा, बाजूचा नाही. चौकट भरायची असेल तर क्रॉपच्या यादीतून गुणोत्तर १६:९ निवडून आतला फोटो सरकवा.

व्हॉट्सॲप स्टेटससाठी उभी स्लाइड करणार असाल तर माप उलटं लिहा, १९.०५ बाय ३३.८६७, आणि एक्स्पोर्टला ‘अल्ट्रा एचडी’ घ्या. फुल एचडीत १०८० हा आकडा उंचीला लागतो आणि रुंदी ६०८ च्या आसपासच उरते.

प्रश्न : मुलीच्या रिसेप्शनला एलईडी वॉल आहे. मंडपवाले म्हणतात, ‘काहीही द्या, चालतं.’ खरंच चालतं का? (पुणे)

चालतं, पण कसं दिसतं हे त्या वाक्यात नाही. वॉल पॅनेल जोडून उभी करतात, त्यामुळे तिचं गुणोत्तर त्या दिवशी किती पॅनेल लावले यावर ठरतं. फुटांचं माप विचारू नका. ‘आडवी किती पॅनेल, उभी किती, आणि एका पॅनेलमध्ये किती पिक्सेल?’ असं विचारा. ‘पी ३.९१’ प्रकारात ५०० मिलिमीटरच्या चौरस पॅनेलमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल असतात. आठ आडवी आणि पाच उभी लावली की वॉल चार मीटर बाय अडीच मीटर, पिक्सेल १०२४ बाय ६४०, गुणोत्तर १६:१०.

अशा वॉलला १६:९ चा व्हिडिओ दिला की दोन गोष्टी होऊ शकतात. वॉलला चित्र पुरवणारा प्रोसेसर ‘पूर्ण पडदा’वर असेल, तर माणसं सुमारे ११ टक्के उभट दिसतात. तो पिक्सेलला पिक्सेल दाखवत असेल, तर १९२० बाय १०८० मधला फक्त डावा वरचा १०२४ बाय ६४० चा कोपरा दिसतो, आणि नवरा-नवरी पडद्याबाहेर. दुसरा प्रकार कार्यक्रमाच्या ऐन वेळी घडतो आणि सगळे लॅपटॉपवाल्याकडे बघतात.

उपाय दोन. वॉल अजून ठरायची असेल तर सात बाय चार पॅनेल मागा. ८९६ बाय ५१२ चं गुणोत्तर १.७५ येतं, १६:९ च्या इतकं जवळ की डोळ्याला फरक कळत नाही. वॉल ठरलेली असेल तर टाइमलाइनच तिच्या गुणोत्तराची करा. १६:१० साठी १९२० बाय १२०० ठेवा आणि प्रोसेसरवर पूर्ण पडदा लावायला सांगा. बारा बाय पाच अशी लांबट वॉल असेल तर गुणोत्तर २.४ होतं. तिथे एकेक फोटो ताणत बसू नका, तीन उभे फोटो शेजारी लावा. नावं आणि तारखा कडेपासून किमान पाच टक्के आत ठेवा, म्हणजे १९२० रुंदीत ९६ पिक्सेल.

लॅपटॉपवरून चालवणार असाल तर विंडोजची कळ आणि ‘पी’ दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ किंवा ‘एक्स्टेंड’ घ्या. ‘डुप्लिकेट’मध्ये दोन्ही पडद्यांना एकच माप मिळतं, आणि जुन्या प्रोजेक्टरसाठी ते १०२४ बाय ७६८ वर उतरलं तर तुमचा १६:९ चा व्हिडिओ पुन्हा ४:३ च्या पडद्यात अडकतो. आणि व्हिडिओ आदल्या दिवशी तिथेच लावून बघा. नाण्याचा फोटो विसरू नका.

प्रश्न : मावशींकडे अजून डीव्हीडी प्लेअर आणि जुना चौकोनी टीव्ही आहे. १६:९ ची डीव्हीडी करून दिली, तर त्यात सगळे काटकुळे दिसतात. (इंदूर)

डीव्हीडीतले पिक्सेल चौरस नसतात. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत चित्र नेहमी ७२० बाय ५७६ च साठवलं जातं, मग ते ४:३ असो की १६:९. फाइलमध्ये फक्त एक खूण असते आणि प्लेअर तिच्यानुसार चित्र पसरवतो. १६:९ चं चित्र मावशींच्या ४:३ टीव्हीवर आहे तसं आलं, की त्याची रुंदी पाऊणपट होते.

डीव्हीडी पुन्हा करायची गरज नाही. प्लेअरच्या सेटअपमध्ये ‘टीव्ही डिस्प्ले’ बहुधा १६:९ वर असेल, तो ‘४:३ लेटरबॉक्स’ करा. वर-खाली पट्ट्या येतील, माणसं माणसांसारखी दिसतील. तिथेच ‘४:३ पॅन स्कॅन’ असतं, त्यात बाजू कापल्या जाण्याची शक्यता असते. पुढच्या वेळी स्लाइड शो १९२० बाय १०८० ला, सेकंदाला २५ फ्रेमने करा आणि ७२० बाय ५७६ मध्ये दाबायचं काम डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरवर सोडा. त्यात १६:९ ची खूण करायला विसरू नका. आपण स्वतः चौरस पिक्सेलच्या ७२० बाय ५७६ टाइमलाइनवर काम केलं, की ते गुणोत्तर ५:४ होतं, ना धड ४:३ ना १६:९.

प्रश्न : व्हिडिओच्या तळाला बारीक हिरवी रेघ दिसते. (सोलापूर)

व्हिडिओ दाबून साठवायची एच.२६४ पद्धत चित्र १६ पिक्सेलच्या चौकटींत साठवते. १०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून फाइलमध्ये १०८८ ओळी असतात आणि शेवटच्या ८ लपवायची सूचना. काही जुने प्लेअर ती पाळत नाहीत. व्हिडिओ ठीक आहे. व्हीएलसीमध्ये हार्डवेअर डीकोडिंग बंद करून पाहा, किंवा दुसऱ्या प्लेअरवर लावा.

प्रश्न : एकच व्हिडिओ यूट्यूब, व्हॉट्सॲप स्टेटस आणि घरचा टीव्ही या सगळ्यांना चालेल असा कोणत्या गुणोत्तरात काढावा? (बेळगाव)

असं गुणोत्तर नाही. दोन व्हिडिओ काढा : टीव्ही आणि यूट्यूबसाठी १९२० बाय १०८०, स्टेटससाठी १०८० बाय १९२०. आधी आडवा पूर्ण करा, मग टाइमलाइनची प्रत काढून तिचं माप बदला आणि फोटो नव्याने मांडा. आडवा व्हिडिओ तसाच उभ्या चौकटीत टाकू नका, १९२० उंचीत तो ६०८ पिक्सेलची पट्टी होतो. ४:३ चे दोन आडवे फोटो एकाखाली एक लावले तर ८१० अधिक ८१०, आणि उरलेले ३०० पुन्हा शंभर-शंभरचे तीन भाग. मजकूर तळाच्या पाचव्या भागात ठेवू नका, तिथे ॲपची बटणं आणि लेखी ओळ येते.

यूट्यूबला देताना पट्ट्या स्वतः व्हिडिओतच पक्क्या करून देऊ नयेत. उभा व्हिडिओ उभाच चढवला तर फोनवर तो पूर्ण पडदा व्यापतो; १६:९ च्या काळ्या चौकटीत बसवून चढवला तर कायमचा लहान राहतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतचे उभे आणि चौरस व्हिडिओ यूट्यूब ‘शॉर्ट्स’मध्ये धरतं. तसं नको असेल तर आडवाच द्या.

कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवायला १०८० बाय १०८० चा चौरस व्हिडिओ ठीक पडतो. फोन कसाही धरला तरी बरा दिसतो. व्हॉट्सॲप गुणोत्तर बदलत नाही, पण दर्जा बराच उतरवतं. ज्यांना टीव्हीवर लावायचा आहे त्यांना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. दोन जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते.